उन्हाळा, अत्तर आणि भाचीच्या मानेवरचे डाग



मार्च संपत आला की आमच्या दवाखान्यात दोन तक्रारी वाढतात. एक घामोळ्यांची आणि दुसरी घामाच्या वासाची. दुसरी तक्रार कुणी उघडपणे सांगत नाही. तपासून झालं, चिठ्ठी लिहून झाली, की उठता उठता पेशंट हळूच विचारतो, "डॉक्टर, उन्हाळ्यात अंगाला सेंट-अत्तर लावलं तर चालतं ना? काही होत तर नाही?"

पूर्वी मी हसून म्हणायचो, "बिनधास्त लावा, मी पण लावतो." आता मी असं उत्तर देत नाही. आधी दोन प्रश्न विचारतो : कुठे लावता आणि लावून उन्हात जाता का? हे प्रश्न मला पुस्तकातून सुचले नाहीत. माझ्या हातून झालेल्या एका चुकीनंतर सुचले आणि त्या चुकीची किंमत माझ्या भाचीने मोजली. तिला विचारूनच हा लेख लिहितो आहे.

आमच्या घरचा उन्हाळी सुगंध

शिरपूर जैन हे आमचं गाव वाशीम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात येतं. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिरामुळे गावाचं नाव दूरवर पोहोचलं आहे. चैत्रात महावीर जयंतीच्या सुमारास बाहेरगावचे भाविक येतात, सकाळ-संध्याकाळ गावात वर्दळ असते. दुपारी बारानंतर मात्र रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो, कधी त्याच्याही पुढे. कूलरसमोरून उठलं की पाच मिनिटांत शर्ट पाठीला चिकटतो. अशा हवेत माणसाला सुगंधाची ओढ लागली तर नवल नाही.

आमच्या वडिलांना अत्तराची आवड होती. हिवाळ्यात हिना आणि उन्हाळ्यात वाळा, हा त्यांचा नियम. जुन्या लोकांचा हा ऋतूंचा हिशेब पक्का असे. वाळा, गुलाब, मोगरा, केवडा हे उन्हाळ्याचे, तर हिना, शमामा हे थंडीचे. त्यामागे साधं कारण आहे. उन्हाळ्यात अत्तर भराभर उडतं आणि जड वास असेल तर तो नाकात बसतो, डोकं धरतो. वडील कापसाचा छोटा फाया अत्तरात बुडवून सदऱ्याच्या खिशात ठेवत. मानेला, गळ्याला अत्तर लावताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

माझी आवड थोडी वेगळी. मला मिळालेल्या एका अत्तरात आधी लिंबू-संत्र्याच्या सालीसारखा ताजा वास यायचा. पाच-दहा मिनिटांनी त्यातून मोगरा उमलायचा आणि तासाभराने मागे लवंग-दालचिनीचा किंचित तिखट दरवळ राहायचा. हलकं, फुलांचं, जरासं मसालेदार. अत्तरवाल्याने मोठ्या बाटलीतून छोट्या कुपीत काढून दिलेलं. कुपीवर नाव नव्हतं, घटक नव्हते, काहीच नव्हतं. मी कधी विचारलंही नाही.

मामाची भेट

माझी धाकटी बहीण पुण्याला असते. तिची मुलगी बारावीची परीक्षा संपवून एप्रिलमध्ये आमच्याकडे आली. मामाच्या गावी आलेल्या भाचीला रिकाम्या हाताने कसं ठेवणार? तिला माझ्या अत्तराचा वास आवडला म्हणून मी तशीच एक कुपी तिला दिली. कसं लावायचं तेही मीच दाखवलं. दोन्ही कानांच्या मागे एकेक बोट आणि मानेवर थोडं.

ती रोज सकाळी आंघोळ झाली की अत्तर लावायची, उकाड्यामुळे केस वर बांधायची आणि आजीला मदत करायला गच्चीवर जायची. तो हंगाम वाळवणांचा. कुरडया, पापड, शेवया. सकाळी आठ ते दहा-अकरापर्यंत खाली वाकून काम करायचं, मान उघडी आणि त्या मानेवर थेट ऊन.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती म्हणाली, "मामा, मानेला चुरचुरतंय." मी लांबूनच पाहिलं, घामोळं असेल म्हणून कॅलामाइन लावायला दिलं. आठवड्याभरात चुरचुर थांबली. मग कानांमागे रुपयाएवढे तपकिरी डाग दिसू लागले आणि मानेवर खाली उतरणारे दोन गडद पट्टे.

इथे माझी चूक झाली. भाची अंगाने थोडी भरलेली आहे, तिच्या वडिलांना मधुमेह आहे. संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात मी तिची मान पाहिली आणि मनात लगेच निदान करून टाकलं : अॅकॅन्थोसिस नायग्रिकन्स. लठ्ठपणा आणि इन्सुलिन नीट काम न करणं यांच्यासोबत मान काळी पडते, तो प्रकार. दवाखान्यात मी तो नेहमी पाहतो, म्हणून मला तोच दिसला. मी म्हणालो, "साखर तपासू या. आणि गोड बंद कर."

साखर नॉर्मल आली. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणीही नॉर्मल आली. तरी मी माझं निदान सोडलं नाही. "आत्ता नॉर्मल आहे, पण वजन कमी कर," असं सांगून मोकळा झालो. त्या पोरीने पूर्ण मे महिना आमरस खाल्ला नाही. घरात रोज पातेलंभर रस निघायचा आणि ती पोळी-भाजी खाऊन उठायची.

दुसरीकडे शेजारपाजारच्या बाया होत्याच. एकीने गच्चीवरच सगळ्यांसमोर विचारलं, "काहून वं पोरी, मान घासत नाही काय तू?" त्या दिवसापासून ती खरखरीत घासणीने मान घासू लागली. आमच्या आईने मायेनेच घरगुती उपाय सांगितला : बेसनात लिंबू पिळून चोळायचं. मी तिथेच बसलो होतो. काही बोललो नाही. लिंबाने काय बिघडणार आहे, असं मला वाटलं. डाग आणखी गडद झाले.

"रोग ओघळत नसतो"

मे महिन्याच्या शेवटी मी अकोल्याच्या एका त्वचारोगतज्ज्ञ मैत्रिणीला मोबाईलवर फोटो पाठवला. आम्ही एकाच बॅचचे. तिने दोन मिनिटांत फोन केला.

"अरे, हे अॅकॅन्थोसिस कसं असेल? पट्टे वरून खाली उतरलेत, उजवा लांब आहे, डावा आखूड आहे. रोग असा ओघळत नसतो. काहीतरी पातळ पदार्थ ओघळलाय. मानेला काय लावते ती?"

मी गप्प. कुपी माझ्या समोरच्या कपाटात होती.

मग तिने भाचीला अकोल्याला बोलावून नीट तपासलं आणि निदान पक्कं केलं. सुगंधी द्रव्य आणि सूर्यप्रकाश यांनी मिळून केलेला त्वचेचा दाह आणि त्यानंतर राहिलेले डाग. आमच्या कुपीत नेमकं काय होतं याची तपासणी आम्ही केली नाही. डागांचा आकार, जागा, आधीची चुरचुर आणि गच्चीवरचं ऊन, एवढ्यावरून तिला चित्र स्पष्ट दिसलं.

हे नेमकं होतं कसं?

लिंबू, संत्रं, बरगॅमॉट या जातीच्या फळांच्या सालीत फ्युरोकुमारिन गटातली रसायनं असतात. बरगॅमॉट हे इटलीच्या दक्षिण भागात पिकणारं लिंबूवर्गीय फळ. अर्ल ग्रे नावाच्या चहाला जो खास वास असतो, तो याच फळाच्या तेलाचा. ताज्या, हलक्या उन्हाळी सुगंधांमध्ये हे तेल फार वापरलं जातं. ही रसायनं त्वचेवर नुसती पडून राहिली तर फारसं काही करत नाहीत. पण त्यांच्यावर उन्हातले अतिनील किरण पडले, विशेषतः अतिनील-अ किरण, की ती जागी होतात आणि त्वचेच्या पेशींना इजा करतात. लाली येते, आग होते, कधी फोड येतात. ते बरं होताना त्वचा तिथे जास्त रंगद्रव्य तयार करते आणि डाग उरतो.

हा गुण आपल्याकडे जुना माहितीचा आहे. कोडावर आयुर्वेदात बावचीचं बी वापरतात आणि औषध लावल्यावर ऊन घ्यायला सांगतात. बावचीत याच गटातलं सोरालेन असतं. कोडाच्या पांढऱ्या डागात रंग यावा म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीत, मोजून मापून आपण जे करतो, तेच माझ्या भाचीच्या चांगल्या मानेवर न मोजता होत होतं.

उन्हात बसून दिवसभर लिंबं पिळणाऱ्या सरबतवाल्याच्या हातांवर कधी कधी असेच गडद डाग दिसतात. आपल्या कागदी लिंबातही हीच रसायनं असतात. म्हणजे आईचा बेसन-लिंबाचा उपाय डागावर नव्हता, डागाच्या कारणात भर घालणारा होता. आणि मी डॉक्टर असून शेजारी बसून होतो.

वैद्यकशास्त्रात ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच नोंदलेली आहे. १९१६ मध्ये फ्रॉइंड या डॉक्टरांनी कोलोन लावून उन्हात गेलेल्या लोकांच्या त्वचेवरच्या अशा डागांचं वर्णन केलं. १९२५ मध्ये रोझेंथाल यांनी या आजाराला बर्लोक डर्मटायटिस हे नाव दिलं. बर्लोक म्हणजे साखळीला लटकणारं पदक. मानेवरून ओघळलेला डाग तसा लोलकासारखा दिसतो म्हणून हे नाव. आता मोठ्या कंपन्या बरगॅमॉट तेलातून हा घटक काढून मग ते वापरतात आणि सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही त्यावर मर्यादा आहे. त्यामुळे हा आजार पूर्वीपेक्षा कमी दिसतो. पण ज्या कुपीवर काहीच लिहिलेलं नाही, तिच्यात काय आहे हे कोण सांगणार?

यात एक फसवणारी गोष्ट आहे. त्रास लगेच होत नाही. आज अत्तर लावलं, ऊन लागलं, तर लाली साधारण दुसऱ्या दिवशी दिसू लागते आणि दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त होते. तोपर्यंत अत्तराचा आणि चुरचुरीचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. घामोळं, ऊन, साबण, सगळ्यांवर संशय जातो. अत्तरावर जात नाही, कारण त्याचा वास चांगला असतो.

आणखी एक गैरसमज माझाही होता. हलका सुगंध म्हणजे सौम्य, म्हणून बिनधोक. प्रत्यक्षात उन्हाळी सुगंधाचा तो हलकेपणा, तो ताजेपणा बहुतेक वेळा लिंबूवर्गीय तेलांमुळेच येतो. म्हणजे जे द्रव्य उन्हात त्रास देऊ शकतं, तेच आपण नेमकं उन्हाळ्यात निवडतो. शिवाय हलका वास लवकर उडतो, म्हणून आपण तो पुन्हा पुन्हा लावतो.

काळी मान म्हणजे मळ नव्हे

हे मुद्दाम वेगळं सांगतो, कारण शब्दांनी झालेली जखम डागापेक्षा खोल असते. अॅकॅन्थोसिसमध्ये त्वचा जाडसर, मखमलीसारखी होते. मानेच्या मागे, काखेत, जांघेत, घड्यांच्या जागी, दोन्ही बाजूंना साधारण सारखी. ती हळूहळू, महिनोन्महिने वाढते. अशी मान असेल तर साखर आणि वजन जरूर तपासून घ्या. सुगंधाचे आणि उन्हाचे डाग मात्र सपाट असतात, त्वचा जाड होत नाही, आकार पट्ट्यासारखा किंवा थेंबासारखा असतो आणि बहुधा आधी चुरचुर झालेली असते.

दोन्हींपैकी एकही मळ नाही. घासून दोन्ही जात नाहीत. उलट खरखरीत घासण्याने त्वचा आणखी काळी पडते. कुणाच्या पोरीची मान काळी दिसली तर चारचौघांत विचारू नका. विचारायचंच असेल तर एकटीला बाजूला घेऊन, "डॉक्टरांना दाखवलंस का?" एवढंच विचारा.

लवंग-दालचिनीची वेगळी गोष्ट

आता त्या मसालेदार दरवळाकडे येऊ. लवंगेचा वास ज्या द्रव्यामुळे येतो त्याला युजेनॉल म्हणतात. तुळशीत तेच असतं, गुलाबात थोडं असतं. दातांच्या दवाखान्यात शिरताच जो वास येतो, तोही बराचसा त्याचाच. दालचिनीचा वास सिनॅमाल या द्रव्यामुळे येतो. ही द्रव्यं वाईट नाहीत. भाजीत लवंग, अंगणात तुळस, सगळं ठीक. पण काही जणांच्या त्वचेला त्यांची अॅलर्जी होते आणि ती उन्हाशिवायही होते.

आमच्याकडे एक बाई दर वर्षी चैत्र-वैशाखात उजव्या हाताच्या मागच्या बाजूला खाज आणि पुरळ घेऊन यायच्या. बरोबर त्याच दिवसांत आणि बरोबर त्याच जागी. भाचीच्या प्रसंगानंतर माझं डोकं चाललं. चैत्रगौरीचं हळदी-कुंकू चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत चालतं. घरोघर कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, गुलाबपाणी आणि हाताच्या मागच्या बाजूला अत्तराचं बोट! महिनाभर त्यांच्या एकाच जागी अत्तर लागत होतं. मी त्यांना सांगितलं, "यंदा अत्तर पदराला लावून घ्या." त्या वर्षी पुरळ आलं नाही.

अशी शंका असेल तर त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात. संशयित द्रव्यांचे छोटे ठिपके पाठीवर चिकटवतात, साधारण ४८ तासांनी काढून पाहतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. यात सुई नाही, रक्त नाही. पण पाठीला पाणी आणि घाम लागून चालत नाही, म्हणून आपल्याकडे ऐन उन्हाळ्यात ही तपासणी बऱ्याचदा पुढे ढकलतात. या तपासणीत वापरल्या जाणाऱ्या सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणात युजेनॉल आणि सिनॅमाल दोन्ही असतात, कारण सुगंधाची अॅलर्जी असणाऱ्यांत ती वारंवार सापडतात. युरोपीय संघाने २००३ च्या नियमानुसार अशी २६ द्रव्यं ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असतील तर वेष्टनावर लिहिणं सक्तीचं केलं. २०२३ मध्ये ती यादी आणखी वाढवली.

"पण डॉक्टर, आमचं अत्तर नैसर्गिक आहे," असं लोक म्हणतात. लिंबू नैसर्गिकच आहे, बावचीही नैसर्गिकच आहे. नैसर्गिक या शब्दावरून त्वचेला काही कळत नाही. शिवाय कनोजला देग-भपक्यात गाळलेलं, चंदनतेलात उतरवलेलं अत्तर महाग असतं. बाजारातल्या स्वस्त कुपीत चंदनतेलाच्या जागी लिक्विड पॅराफिनसारखं काहीतरी आणि त्यात कृत्रिम सुगंध असू शकतो.

माझ्यामुळे ज्यांना दम लागत होता

या सगळ्यानंतरही मी दवाखान्यात अत्तर लावून बसत होतो. शर्टाला लावत होतो, म्हणून मला वाटलं आता काही अडचण नाही. आमच्या एक जुन्या दम्याच्या आजी आहेत. त्या नेहमी बाहेरच्या बाकावर बसायच्या, आत यायला वेळ लावायच्या. एकदा मी जरा चिडून विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "राग नका मानू डॉक्टरसाहेब. तुमच्या अत्तरानं मले दम भरून येते. म्हणून बाहीर बसतो मी."

दम्याच्या काही रुग्णांना तीव्र सुगंधाने खोकला, धाप सुरू होते. अर्धशिशी असणाऱ्यांना वास सहन होत नाही आणि उन्हाळ्यात ऊन आणि वास दोन्ही मिळून डोकं उठतं. मला हे पाठ होतं. पण माझा वास मला येतच नव्हता. नाकाचा हा स्वभावच आहे. एकच वास सतत आला की काही मिनिटांत नाक त्याची दखल घेणं थांबवतं. म्हणून लावणाऱ्याला वाटतं, वास उडाला, आणखी थोडं लावू. शेजारच्याला मात्र तो भपकन येत असतो. एसटीत, वर्गात, मंगल कार्यालयात, एसी लावून खिडक्या बंद केलेल्या गाडीत हे लक्षात ठेवायला हवं.

मी तेव्हापासून दवाखान्यात अत्तर लावत नाही. आजी आता आत येऊन बसतात.

मग घामाच्या वासाचं काय?

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतल्या घामावर त्वचेवरचे जिवाणू काम करतात, तेव्हा वास तयार होतो. म्हणून घामाच्या वासावर पहिला उपाय अत्तर नाही. रोज दोनदा आंघोळ, काख साबणाने धुऊन कोरडी करणं, सुती सैल कपडे, घामेजलेला कपडा पुन्हा न घालणं, एवढ्याने बहुतेकांचं काम होतं. घाम फार येत असेल तर घाम कमी करणारं औषध रात्री झोपताना कोरड्या काखेत लावतात, सकाळी धुतात. न धुतलेल्या घामावर अत्तर मारलं तर दोन्ही वास एकत्र येतात आणि तो प्रकार कुणालाच आवडत नाही.

माझे आताचे नियम

१. सुगंध कपड्याला लावा. रुमाल, पदर, ओढणी, सदऱ्याचा खिसा. कापसाचा फाया सगळ्यात चांगला. डाग पडतो का हे आधी कपड्याच्या आतल्या कोपऱ्यावर पाहा.

२. उन्हात जाणार असाल तर मान, गळा, कानामागे, मनगट या उघड्या जागी लावू नका. ढगाळ दिवशी आणि गाडीच्या काचेतूनही अतिनील-अ किरण बऱ्यापैकी येतात. संध्याकाळी ऊन उतरल्यावर लावायला हरकत नाही, पण सकाळी आंघोळीत ती जागा धुऊन मग उन्हात जा.

३. नवीन सुगंध त्वचेला लावायचाच असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून, ती जागा झाकून, तीन-चार दिवस पाहा. खाज, लाली आली तर तो तुमच्यासाठी नाही. उन्हामुळे होणारा त्रास मात्र या चाचणीत कळणार नाही.

४. दाढी केल्यावर, काखेतले केस काढल्यावर, घामोळ्यांवर, खरचटलेल्या जागी सुगंधी स्प्रे मारू नका.

५. तान्ह्या बाळाला अत्तर लावू नका. बाळाच्या अंगाला स्वतःचा चांगला वास असतो.

६. स्प्रेमध्ये अल्कोहोल असतं. गॅसजवळ, निरांजनाजवळ मारू नका. दाबाखालचा डबा उन्हातल्या गाडीत ठेवू नका. ५० अंशांवर तो तापू देऊ नका असं त्या डब्यावरच छापलेलं असतं आणि आपल्याकडे उन्हात बंद गाडी तेवढी सहज तापते.

७. डाग पडलाच तर सुगंध थांबवा, ती जागा कापडाने झाका, सनस्क्रीन लावा आणि धीर धरा. डाग फिकट व्हायला काही महिने लागतात, कधी त्याहून जास्त. लिंबू, बेसन, घासणी, काही नको. मेडिकलमधून गोरेपणाची स्टिरॉइडवाली ट्यूब मनाने आणून लावू नका. तिने त्वचा पातळ होते आणि नवीन दुखणं मागे लागतं. फोड आले, पाणी सुटलं किंवा चेहऱ्यावर डाग पडले तर त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.

भाची काय म्हणते

भाचीचे डाग दिवाळीपर्यंत बरेच फिकट झाले. पुढच्या उन्हाळ्यात ती आली तेव्हा कानामागे नीट पाहिल्याशिवाय दिसत नव्हते. आल्या आल्या तिने आजीकडे आमरस मागितला आणि माझ्याकडे बघत दोन वाट्या संपवल्या. मी काही बोललो नाही. बोलायला तोंड नव्हतं.

मी तिची माफी मागितली होती. ती म्हणाली होती, "मामा, अत्तराचं काही नाही रे. तुला माहीत नव्हतं. पण रिपोर्ट नॉर्मल आला तेव्हा तरी माझ्याकडे नीट बघायचं होतंस." ते वाक्य माझ्या टेबलावर लिहून ठेवावं असं आहे. तपासणी आणि निदान जुळत नसेल तर पेशंटला पुन्हा पाहायचं, उजेडात पाहायचं आणि विचारायचं, "काय लावता?" हे मला आमच्या अकोल्याच्या मैत्रिणीने आणि भाचीने शिकवलं.

यंदाही संध्याकाळी दवाखाना बंद करून घरी आलो की मी आंघोळ करतो, माठातलं वाळ्याचं पाणी पितो आणि रुमालाला थोडं मोगऱ्याचं अत्तर लावून अंगणात बसतो. वडिलांसारखाच फाया खिशात. सुगंध सोडायची गरज मला पडली नाही, तुम्हालाही पडू नये. फक्त त्याची जागा बदला.

तुमच्या मानेवर किंवा हातावर असे डाग असतील तर डॉक्टरांकडे जाताना अत्तराची, स्प्रेची, क्रीमची बाटली सोबत घेऊन जा. बरंचसं निदान त्या पिशवीतच असतं.

काळजी घ्या, उन्हात जपून.